ऊन आणि उजेड : अल्पसाधन भारतीय चित्रपटातील प्रकाशयोजनेचा विचार

भारतीय चित्रपटाच्या इतिहासलेखनात कथानक, दिग्दर्शक, नट आणि संगीत यांना जेवढे स्थान मिळाले आहे, तेवढे प्रकाशयोजनेला मिळालेले नाही. जेथे तिचा उल्लेख येतो तेथेही तो बहुधा एका ठराविक वाक्प्रयोगाच्या आश्रयाने येतो. साधने नव्हती, पैसा नव्हता, तरीही या मंडळींनी जिद्दीने चित्रे काढली, असा तो वाक्प्रयोग होय. त्यातील गौरवाची भावना उचित आहे. परंतु ज्ञानाच्या दृष्टीने त्यात एक उणीव राहते. जिद्द हा स्वभावाचा गुण आहे. एखाद्या माणसाने अमुक परिस्थितीत अमुकच उपाय का योजला, दुसरा का योजला नाही, आणि तोच उपाय चाळीस वर्षांपूर्वी का शक्य नव्हता, या प्रश्नांचे उत्तर जिद्दीच्या उल्लेखाने मिळत नाही. त्यासाठी त्या उपायामागचा विचारच उलगडून पाहावा लागतो.

प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न मर्यादित क्षेत्रात केला आहे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी प्रदर्शित केलेला ‘राजा हरिश्चंद्र’ आणि १९५६ सालचा सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’ या दोन चित्रपटांच्या दरम्यान प्रकाशाचा प्रश्न कसकसा पालटत गेला, हे येथे पाहावयाचे आहे. प्रस्तुत लेखक चित्रपटतंत्राचा नव्हे, तर भाषेचा अभ्यासक आहे. त्यामुळे या विवेचनाचा प्रारंभ भाषेपासून होणे स्वाभाविक आहे. पण हे केवळ अभ्यासकाच्या सवयीमुळे नव्हे. मराठीत दैनंदिन व्यवहारासाठी सिद्ध असलेला एक शब्दभेद या इतिहासाची किल्ली ठरतो, असे मला वाटते.

१. शब्दांचा भेद

मराठीत ‘ऊन’ आणि ‘उजेड’ हे दोन शब्द कोणीही भाषक एकमेकांच्या जागी वापरीत नाही. सकाळी खिडकी उघडली की खोलीत उजेड येतो. ऊन येईलच असे नाही. ऊन येते ते पूर्वेच्या खिडकीतून, तिरपे आणि जमिनीवर आपली आकृती टाकीत. ढगाळ दिवशी उजेड असतो, ऊन नसते. आपण उजेडात वाचतो. वाळवण मात्र उन्हात घालतो. ऊन लागते, उजेड लागत नाही. ऊन कलते, चढते, उतरते. उजेड फाकतो, पसरतो, मावळतो. ‘ऊन’ हा शब्द संस्कृत ‘उष्ण’ याचे प्राकृतातून आलेले रूप आहे. ‘ऊन ऊन भात’ या प्रयोगात त्याचा मूळ अर्थ आजही टिकून आहे. म्हणजे ऊन हे मुळात स्पर्शाने जाणवणारे, दिशा असलेले, सूर्याशी थेट नाते सांगणारे तत्त्व आहे. उजेड हा डोळ्यांचा विषय. तो चोहोकडून येतो आणि त्याच्या उगमाकडे बोट दाखविता येत नाही.

हा भेद एकट्या मराठीचा नव्हे. बंगालीतही ‘रोद’ आणि ‘आलो’ असे दोन शब्द आहेत, आणि ‘रोद’ हा ‘रौद्र’ या शब्दाचा वंशज मानला जातो. उष्णता आणि उग्रता या दोन्ही कल्पनांतून या दोन भाषांनी थेट सूर्यप्रकाशाला नाव दिले, ही गोष्ट उष्ण प्रदेशातील अनुभवाशी सुसंगतच आहे. याच्या शेजारी मराठीतील ‘तिरीप’, ‘कवडसा’, ‘झोत’ हे शब्द ठेवले, तर प्रकाशाची दिशा, आकार आणि मार्ग यांविषयी बोलभाषेने किती बारकाईने भेद केले आहेत हे ध्यानात येते.

पदार्थविज्ञानाच्या परिभाषेत या भेदाचे कारण साधे आहे. प्रकाशाचा उगम पाहणाऱ्याच्या दृष्टीने किती रुंद दिसतो यावर सावलीची कड अवलंबून असते. पृथ्वीवरून सूर्याचे बिंब सुमारे अर्ध्या अंशाचे दिसते. त्यामुळे भिंतीपासून एक मीटर अंतरावर धरलेल्या काठीच्या सावलीची कड उन्हात जेमतेम एक सेंटिमीटर पुसट होते. सावली रेखीव पडते. तीच काठी ढगाळ आकाशाखाली धरली, तर उगम म्हणजे सबंध आकाश. त्यामुळे सावली जवळजवळ उमटतच नाही. छायाचित्रकार ज्याला कठोर आणि मृदू प्रकाश म्हणतात, तो भेद हाच. मराठी माणसाच्या शब्दांत सांगावयाचे तर उन्हाची सावली पडते, उजेडाची पडत नाही.

या भेदाची दुसरी बाजू प्रमाणाची आहे. स्वच्छ दुपारचे ऊन आणि त्याच वेळची मोकळ्या जागेतील सावली यांत सुमारे आठपटींचा फरक असतो. घरात खिडकीपासून काही अंतरावर तो पन्नास-शंभर पटींवर जातो. मानवी डोळा हा फरक नकळत सावरून घेतो. फिल्म सावरून घेत नाही. फिल्मवर किती प्रकाश किती काळ पडू द्यावयाचा, याचा निर्णय म्हणजे एक्स्पोजर. पारिभाषिक मराठीत याला ‘उद्भासन’ असेही म्हटले जाते. छायाचित्रणातील ‘स्टॉप’ हे माप म्हणजे या प्रकाशाचे दुप्पट होणे किंवा निम्मे होणे. ऊन आणि मोकळी सावली यांत म्हणून तीन स्टॉपचे अंतर आहे, असे म्हणता येते. पुढील विवेचनात हे माप वारंवार उपयोगी पडेल.

२. फाळके : उन्हाचा आश्रय

धुंडिराज गोविंद फाळके (१८७०–१९४४) हे चित्रपटाकडे वळले तेव्हा त्यांच्यापाशी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील व बडोद्याच्या कलाभवनातील शिक्षण, छायाचित्रणाचा व मुद्रणाचा अनुभव एवढी शिदोरी होती. १९१२ साली ते लंडनला गेले, तेथे सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र व प्रत काढण्याची साधने घेऊन परतले. दादरच्या मथुरा भवनात त्यांनी बंगल्याच्या मागील अंगणात लहानशी काचेची खोली उभारली आणि फिल्म धुण्यासाठी अंधारखोली सिद्ध केली. त्र्यंबक तेलंग या स्नेह्याला त्यांनी कॅमेरा चालविण्यास शिकविले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट होती.

या चित्रपटाचे चित्रण दिवसाच्या प्रकाशावर अवलंबून होते. याचे कारण केवळ दिव्यांसाठी पैसा नव्हता एवढेच सांगितले जाते; ते अपुरे आहे. त्या काळची फिल्म किती मंद होती हे लक्षात घेतल्यावाचून प्रश्नाचे खरे स्वरूप कळत नाही. समजा, आजच्या मापाने तिची संवेदनक्षमता दहा धरली. लख्ख उन्हात एफ/१६ एवढे छिद्र ठेवले असता संवेदनक्षमतेच्या आकड्याच्या व्यस्तांकाइतके सेकंद प्रकाश द्यावा, असा छायाचित्रकारांचा एक सोपा नियम आहे. म्हणजे येथे एक-दशांश सेकंद प्रकाश हवा. परंतु कॅमेऱ्याचा दांडा सेकंदाला दोन फेऱ्या या गतीने फिरविला, तर सेकंदाला सोळा चित्रे निघत आणि शटर निम्मा वेळ मिटलेले असल्यामुळे प्रत्येक चित्राला जेमतेम १/३२ सेकंद मिळे. ही तूट भरून काढण्यासाठी छिद्र एफ/९ पर्यंत उघडावे लागे. ऊन सोडून मोकळ्या सावलीत गेले, की तीन स्टॉप आणखी हवेत, छिद्र एफ/३.२ च्या आसपास येते. त्या काळच्या सामान्य भिंगांची मर्यादा एफ/३.५ च्या जवळपास होती. म्हणजे मोकळी सावली ही शक्यतेच्या उंबरठ्यावर होती आणि घराचा आतला भाग उंबरठ्याच्या पूर्णपणे पलीकडे. फाळक्यांच्या चित्रपटातील राजवाडा मोकळ्या जागी, पडद्यांवर रंगविलेला का आहे, याचे उत्तर या हिशेबात आहे. तो अभिरुचीचा प्रश्न होण्यापूर्वी अंकगणिताचा प्रश्न होता.

ऊन हाताशी असणे हे सुख होते, तसेच संकटही. ऊन स्थिर राहत नाही. सकाळी घेतलेल्या दृश्याचा उरलेला भाग दुपारी घेतला, तर नटाच्या नाकाची सावली ओठांवरून हनुवटीवर आलेली असते. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. ही काळोखी उजळण्यासाठी समोरून पांढरे कापड धरून त्यावरचे ऊन चेहऱ्यावर परतविणे हा त्या काळी सर्वत्र रूढ असलेला उपाय होता. सरस्वतीबाई फाळके चित्रणाच्या वेळी अशा पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत, असे सांगितले जाते. रात्री फिल्मला भोके पाडणे व ती धुणे यांतही त्यांचा हात असे. भारतीय चित्रपटातील पहिल्या प्रकाशसाहाय्यकाचा मान त्यांना द्यावयास हरकत नसावी. पण आपल्या इतिहासग्रंथांत त्यांचा उल्लेख पतीला साथ देणारी गृहिणी म्हणूनच येतो, हे नमूद करणे भाग आहे.

दुसरी अडचण रंगांची होती. त्या वेळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म निळ्या व हिरव्या रंगांना दाद देई, तांबड्याला देत नसे. परिणामी निळे आकाश पांढरेफटक उमटे. कुंकू, ओठ आणि तांबडे लुगडे काळे दिसे. गव्हाळ व सावळ्या कांतीतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात तांबड्याचा अंश अधिक असल्याने चेहरे प्रत्यक्षाहून गडद येत. चेहऱ्यांना पांढऱ्या रंगाचा दाट लेप देण्याची पद्धत निव्वळ रंगभूमीची सवय म्हणून पाहिली जाते. तिला हेही रासायनिक कारण होते. मात्र या उणिवेत एक सोय दडलेली होती. तांबड्या प्रकाशाचा या फिल्मवर परिणाम होत नसल्यामुळे ती अंधारखोलीत तांबड्या दिव्याखाली, डोळ्यांनी पाहत पाहत धुता येई. प्रकाशमापक यंत्र नसलेल्या काळात एक्स्पोजरचा अंदाज चुकला, तर त्याची काही अंशी दुरुस्ती येथे होत असे. चित्र लवकर भरू लागले तर फिल्म आधी बाहेर काढावयाची, मंद वाटले तर अधिक वेळ ठेवावयाची. दिवसा अंदाज आणि रात्री परीक्षा, असे हे वेळापत्रक होते. उजेड फारच उतरला तर दांडा थोडा सावकाश फिरविण्याचाही मार्ग होता. त्याने प्रत्येक चित्राला अधिक वेळ मिळे; पण पडद्यावर माणसे धावपळ करताना दिसत.

आज उपलब्ध असलेले ‘राजा हरिश्चंद्र’चे अंश १९१३ च्या मूळ चित्रपटाचे की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणून त्यांतील एखाद्या सावलीवरून मोठे निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. परंतु वर दिलेला हिशेब दोन्ही चित्रपटांना सारखाच लागू पडतो.

३. कोल्हापूर आणि त्यानंतर : खोलीचा आणि दिव्यांचा प्रश्न

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे पडदे रंगविण्याच्या व्यवसायातूनच आले होते. आनंदराव पेंटर यांचे १९१६ साली निधन झाल्यानंतर विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने त्यांनी स्वदेशी कॅमेरा सिद्ध केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या द्वारे ‘सैरंध्री’ (१९२०) पुण्यात प्रदर्शित केला. पडदे रंगविणाऱ्या या कलावंतानेच रंगविलेले पडदे दूर करून त्यांच्या जागी घन, लांबी-रुंदी-खोली असलेले देखावे उभे केले, ही घटना लक्षणीय आहे. तिचा प्रकाशाशी असलेला संबंध मात्र क्वचितच सांगितला जातो. रंगविलेल्या पडद्यावरील छायाप्रकाश चित्रकाराने आधीच ठरविलेला असतो. त्यावर सपाट ऊन पडले तरी चालते, किंबहुना तेच इष्ट असते. खरा खांब आणि खरी कमान उभी राहिली, की त्यांची स्वतःची सावली पडू लागते. आता प्रकाश कोठून येतो, हा प्रश्न टाळता येत नाही. ‘सिंहगड’ (१९२३) या चित्रपटात रात्रीच्या प्रसंगांसाठी पेंटर यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला, तो याच क्रमात पाहावा लागतो. देखाव्याला खोली आली म्हणून दिव्याची गरज निर्माण झाली.

१९३१ साली बोलपट आला आणि चित्रण मुख्यतः बंद स्टुडिओत गेले. सेकंदाला सोळाऐवजी चोवीस चित्रे घेणे आवश्यक झाल्यामुळे प्रत्येक चित्राच्या वाट्याचा वेळ १/४८ सेकंदावर आला. उलट तांबड्यासह सर्व रंगांना दाद देणारी पँक्रोमॅटिक फिल्म तोपर्यंत रूढ झाली होती. पेंटर यांच्या कंपनीत तयार झालेल्या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ काढली व १९३३ साली ती पुण्यास आणली. ‘अमृतमंथन’ (१९३४) मधील राजगुरूच्या डोळ्याचे अतिसमीप चित्र आणि त्या चित्रपटातील गडद छाया या दिव्यांवरील प्रभुत्वाची साक्ष देतात. परंतु ते प्रभुत्व मोठ्या स्टुडिओचे होते. मुख्य दिवा, पूरक दिवा आणि पाठीमागचा दिवा या त्रयीवर उभी राहिलेली स्टुडिओची प्रकाशपद्धती हे एका अर्थाने उन्हाचेच व्याकरण होते. प्रत्येक दिवा हा लहानसा सूर्य, प्रत्येकाला दिशा, प्रत्येकाची सावली, आणि एकाची सावली पुसण्यासाठी दुसरा. अशा पद्धतीने राजवाडा, देऊळ, तुरुंग उत्तम उजळता येई. वाड्याच्या चौकालगतच्या सोप्यात दुपारी जो निवांत, दिशाहीन उजेड असतो, तो मात्र या व्याकरणात बसत नव्हता. त्याची वाण तोपर्यंत कोणाला फारशी भासलीही नव्हती.

४. सुब्रत मित्र : उजेडाचा शोध

१९४९–५० मध्ये झाँ रन्वार हे फ्रेंच दिग्दर्शक ‘द रिव्हर’ या रंगीत चित्रपटाच्या चित्रणासाठी बंगालमध्ये होते. त्यांचे छायालेखक क्लोद रन्वार यांचे काम पाहण्यासाठी एक विद्यार्थी नित्य तेथे जाई आणि दिव्यांच्या जागा, कॅमेऱ्याची हालचाल यांच्या आकृत्या व टिपणे काढी. कालांतराने ही टिपणे इतकी विश्वसनीय ठरली की प्रकाशाचे सातत्य राखण्यासाठी स्वतः क्लोद रन्वार ती पाहू लागले. हा विद्यार्थी म्हणजे सुब्रत मित्र (१९३०–२००१). १९५२ साली ‘पथेर पांचाली’चे चित्रण सुरू झाले तेव्हा चलच्चित्राचा कॅमेरा त्यांनी कधी चालविलेला नव्हता.

‘पथेर पांचाली’ (१९५५) कलकत्त्याजवळील बोडाल या गावी, पैशाच्या अभावी अनेकदा थांबत, पुढे पश्चिम बंगाल सरकारच्या साहाय्याने पुरा झाला. दिवसाची दृश्ये तेथील खऱ्या घरात व अंगणात घेतली गेली, रात्रीची स्टुडिओत. उपलब्ध प्रकाशात छायाचित्रे घेणाऱ्या आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या कामाविषयी राय आणि मित्र या दोघांनाही आदर होता. खऱ्या अंगणात खरा उजेड मिळत होता, तोवर या आदर्शाला बाध नव्हता.

बाध आला तो पुढच्या चित्रपटात. ‘अपराजितो’ (१९५६) मधील हरिहराचे कुटुंब काशीला एका जुन्या घरात राहते. मधोमध चौक, चारी बाजूंनी खोल्या, आणि वरून दिसणारा आकाशाचा तुकडा अशी त्या घराची रचना. या चौकाचा देखावा प्रथम उघड्या जागी उभारावयाचा होता. पावसाळ्याच्या भीतीने कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी तो बेत सोडला आणि देखावा कलकत्त्यातील स्टुडिओच्या छपराखाली बांधण्याचे ठरविले. मित्र यांनी याला विरोध केला. आकाशातून येणारा सावलीविरहित, पसरट उजेड स्टुडिओच्या दिव्यांनी निर्माण करणे अशक्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही.

हा विरोध या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण क्षण होय, असे माझे मत आहे. कारण अशक्यतेचे इतके नेमके निदान करणे हीच अर्धी उकल असते. मित्र यांची तक्रार दिवे कमी आहेत अशी नव्हती. दिवे चुकीच्या जातीचे आहेत, अशी होती. दहा दिव्यांच्या जागी वीस दिले असते, तर दहा सावल्यांच्या जागी वीस सावल्या पडल्या असत्या. काशीच्या चौकात मात्र सावली पडत नाही, कारण तेथे ऊन तळापर्यंत पोहोचत नाही; पोहोचतो तो उजेड.

त्यांनी योजलेला उपाय असा. देखाव्याच्या वर, जेथे आकाशाचा तुकडा असावयास हवा तेथे, चौकटीवर ताणलेले पांढरे कापड बसविले. दिवे खाली ठेवून त्यांचा झोत नटांकडे नव्हे, तर वर त्या कापडाकडे वळविला. कापडावरून परतलेला प्रकाश चौकात उतरला. दिवे तेच राहिले, पण उगम पालटला. आता उगम म्हणजे दिवा नव्हे, तर कापड. आकडे घेऊन पाहावयाचे तर, दहा फूट रुंदीचे कापड दहा फूट उंचीवर असेल, तर खालच्या माणसाला ते पन्नासाहून अधिक अंशांचे दिसते. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असते, हे वर आलेच आहे. उगम शंभरपट रुंद झाला, की भिंतीपासून एक मीटरवर असलेल्या वस्तूची सावली जवळजवळ मीटरभर पसरते, म्हणजे नाहीशी होते.

या उपायाला किंमत द्यावी लागते. परतलेला प्रकाश थेट प्रकाशाहून कितीतरी क्षीण असतो. दोन-तीन स्टॉपची तूट सहज येते. ती कशी भरून निघाली, या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राकडे आहे. फाळक्यांच्या काळच्या फिल्मची संवेदनक्षमता आपण दहा धरली; १९५० नंतरच्या कृष्णधवल फिल्मची शंभर धरली, तर चोवीस चित्रांच्या गतीने होणारा तोटा वजा जाता सुमारे पावणेतीन स्टॉपचा लाभ उरतो. परावर्तनाने जे घेतले, ते नव्या फिल्मने परत दिले. म्हणून हाच उपाय १९१३ साली कोणाला सुचला असता, तरी तो अमलात आणता आला नसता. कल्पना आणि साधन यांचा मेळ काळाने घातला. तथापि काळाने मेळ घातला म्हणून कल्पना आपोआप सुचते असे नाही. तीच फिल्म देशातील प्रत्येक स्टुडिओत उपलब्ध होती.

५. प्राथम्याचा वाद आणि त्याची मर्यादा

परावर्तित प्रकाशाचा हा प्रयोग जगात प्रथम कोणी केला, याची चर्चा पुढे झाली. स्वीडनचे स्वेन न्यूक्विस्ट यांनी ‘थ्रू अ ग्लास डार्कली’ (१९६१) मध्ये असा प्रकाश वापरला व त्याला मोठी कीर्ती लाभली. फ्रान्समध्ये राऊल कूतार यांनी त्याच सुमारास दिवे छताकडे वळवून लहान खोल्या उजळल्या. मित्र यांचे काम या दोघांच्याही आधीचे आहे, आणि ते पाश्चात्य ग्रंथांत दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले, ही वस्तुस्थिती आहे. परंतु स्थिर छायाचित्रकार त्यापूर्वीपासून फ्लॅशचा प्रकाश छतावर टाकून परतवीत होते, हेही खरे. त्यामुळे ‘पहिला कोण’ या प्रश्नावर हट्ट धरण्यात फारसे हशील नाही. मित्र यांचे वैशिष्ट्य कृतीच्या तारखेत नसून प्रश्नाच्या मांडणीत आहे. त्यांनी केवळ मृदू प्रकाश मिळविला नाही. अमुक घरात, अमुक प्रहरी, अमुक दिशेने येणारा उजेड पुन्हा घडविला. प्रकाश सुंदर आहे की नाही, याआधी तो खरा आहे की नाही, असे विचारण्याचा पायंडा त्यांनी घातला.

येथे फाळक्यांच्या पांढऱ्या चादरीची आठवण होणे अपरिहार्य आहे. दोन्ही ठिकाणी साधन तेच, पांढरे कापड. त्यावरून एक अखंड परंपरा कल्पिण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. फाळक्यांची चादर उन्हाची पूरक होती. मुख्य प्रकाश सूर्याचा, चादरीचे काम त्याने केलेली काळोखी उणी करण्याचे. मित्र यांचे कापड पूरक नव्हते. तेच आकाश होते. वस्तू एक, कार्ये दोन. भाषेत एकच शब्द दोन वाक्यांत दोन भिन्न कार्ये करतो आणि केवळ रूपसादृश्यावरून त्यांना एक मानणारा व्याकरणकार फसतो, तसेच हे आहे. योगायोगाने ‘चित्रपट’ या शब्दातील ‘पट’ याचा अर्थही वस्त्र असाच आहे. परंतु या योगायोगावर सिद्धांत उभारू नये.

६. उन्हाचे पुनरागमन

मित्र यांनी ऊन वर्ज्य केले, असा समज होऊ नये. दार्जिलिंगमध्ये घेतलेल्या ‘कांचनजंघा’ (१९६२) या रंगीत चित्रपटात ऊन, ढग आणि धुके यांची अदलाबदल कथेच्या गतीशी जोडलेली आहे. निसर्गाची लहर ही अडचण न मानता तिलाच रचनेचे अंग करण्याचा तो प्रयत्न होता.

१९६० साली पुण्यात, प्रभातच्याच जागेत, फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि छायालेखनाचे रीतसर शिक्षण मिळू लागले. तेथे शिकलेले के. के. महाजन यांनी मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ (१९६९) हा अल्प खर्चाचा चित्रपट सौराष्ट्रातील वाळू आणि उघड्या माळांवर चित्रित केला. त्यातील ऊन प्रखर आहे, आकाश पांढरे आहे, आणि ते तसेच राहू दिले आहे. वरवर पाहता आपण फाळक्यांच्या अंगणात परत आलो, असे वाटेल. पण १९१३ साली ऊन ही अट होती. १९६९ साली ती निवड होती. साधन तेच राहिले तरी त्याचा अर्थ पालटतो, तो असा. पर्याय उपलब्ध असतानाच एखाद्या गोष्टीला शैलीचे मूल्य येते.

७. समारोप

या विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला इतिहासाविषयी. अल्पसाधन चित्रपटातील प्रकाशाचा प्रश्न हा एकच प्रश्न नव्हता. फाळक्यांपुढे तो प्रमाणाचा होता: पुरेसा प्रकाश मिळेल कोठून? पेंटर यांच्यापुढे तो दिशेचा झाला: घन वस्तूवर प्रकाश येईल कोठून? मित्र यांच्यापुढे तो जातीचा झाला: येणारा प्रकाश आहे कशा प्रकारचा? प्रत्येकाच्या उपायाची थोरवी त्याच्या प्रश्नाच्या संदर्भातच समजते. सर्वांना ‘जिद्द’ या एका शब्दात गुंडाळल्याने त्यांचा गौरव होतो, पण त्यांचे ज्ञान हरवते.

दुसरा निष्कर्ष परिभाषेविषयी. आज अंकीय कॅमेऱ्यांची संवेदनक्षमता इतकी वाढली आहे, की खोलीतील एका दिव्यावरही चित्र उमटते. अल्प खर्चात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रमाणाचा प्रश्न आता क्वचितच छळतो. जातीचा प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे. चित्र उमटते, पण चेहरा निर्जीव दिसतो, ही त्याची नित्याची तक्रार असते. अशा वेळी आपण त्याच्या हाती जी मराठी परिभाषा देतो, तिच्यात ‘प्रकाश’ हा एकच शब्द विशेषणे जोडून सर्वत्र राबविलेला असतो: कठोर प्रकाश, मृदू प्रकाश, परावर्तित प्रकाश, विसरित प्रकाश. ही परिभाषा अशुद्ध नाही, पण ती शिकणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या अनुभवापासून तोडते. ज्याने लहानपणापासून ऊन आणि उजेड यांचा भेद बोलण्यात पाळला आहे, त्याला तोच भेद परक्या वस्तूप्रमाणे नव्याने पाठ करावा लागतो.

‘ऊन’, ‘उजेड’, ‘तिरीप’, ‘कवडसा’, ‘झोत’ हे शब्द शास्त्रीय विवेचनात आणावयास कोणताही तात्त्विक अडसर नाही. परिभाषेला नेमकेपणा हवा असतो, आणि तो या शब्दांत आहे. विद्यार्थ्याने दृश्याची आखणी करताना आधी एवढेच ठरवावे, की येथे ऊन आहे की उजेड, आणि ते कोणत्या बाजूने येते. दिवे किती व कोठे, हे त्यानंतर ठरते. काशीच्या त्या कृत्रिम चौकात सुब्रत मित्र यांनीही प्रथम हेच ठरविले होते.